टेबल बनवण्याआधी: एक रो म्हणजे एक काय?

डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकावर मांडून ठेवलेल्या माहितीच्या साठ्यात, नवीन टेबल करायला घेतलं की हात आधी कॉलमकडे (उभ्या रकान्यांकडे) जातो. नाव, तारीख, रक्कम, शेरा… यादी भराभर वाढते. ती यादी बाजूला ठेवा आणि कागदावर आधी एक वाक्य पूर्ण करा: ‘या टेबलातली एक रो म्हणजे एक ____.’ रो म्हणजे टेबलातली आडवी ओळ. रिकाम्या जागी एकच नाम बसलं पाहिजे. ते सांगताना ‘आणि’, ‘किंवा’, ‘कधीकधी’ असले शब्द तोंडी आले, तर टेबल अजून ठरलेलं नाही असं समजा. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका वाक्यात चुकल्यामुळे येतात.

खाली शेवटपर्यंत ग्रंथालयाचं उदाहरण घेतलं आहे: पुस्तकं, सभासद आणि देवघेव. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींपैकी काहीही वापरा. जिथे त्यांचं वागणं वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.

आधी एक गैरसमज

टेबल दिसतं एक्सेलच्या शीटसारखं, पण वागत नाही तसं. शीटमध्ये कुठल्याही चौकटीत काहीही लिहिता येतं. टेबलात प्रत्येक कॉलमचा डेटा टाइप (माहितीचा प्रकार) आधी जाहीर करावा लागतो आणि तो सगळ्या रोंना सारखाच लागू होतो. चौकटी एकत्र जोडणं, मध्येच रिकामी ओळ सोडणं, खाली बेरजेची ओळ टाकणं यातलं काहीच इथे नाही.

सगळ्यात मोठा फरक क्रमाचा. टेबलातल्या रोंना क्रम नसतो. ‘शंभरावी रो’ या शब्दांना डेटाबेसमध्ये अर्थच नाही. क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) क्रम मागणारं ऑर्डर बाय लिहिलं नसेल तर रो कुठल्या क्रमाने येतील याची कोणी हमी देत नाही. सुरुवातीला त्या भरल्या त्याच क्रमाने दिसतात, म्हणून माणूस त्यावर विसंबतो. मग पोस्टग्रेसमध्ये एखादी रो अपडेट केली की ती बऱ्याचदा यादीच्या शेवटी जाऊन बसते, कारण अपडेट करताना जुन्या रोवर खोडाखोड न करता नवी प्रत लिहिली जाते. डेटा बिघडलेला नसतो. क्रम मुळात मागितलेलाच नव्हता.

टेबलांच्या अशा डेटाबेसला ‘रिलेशनल’ म्हणतात, त्या शब्दानेही गोंधळ होतो. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली, तेव्हा ‘रिलेशन’ हा शब्द गणितातून घेतला. तिथे त्याचा अर्थ साधारणपणे आपण ज्याला टेबल म्हणतो तोच. टेबलांमधली नाती हा त्याचा अर्थ नाही. नाती पुढे येतातच, पण नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही.

पायरी १: एकच मोठं टेबल काढा आणि ते कुठे फाटतं ते पाहा

मुद्दाम चुकीच्या बाजूने सुरुवात करू. सगळी माहिती एकाच टेबलात घ्या. कॉलम असे: पुस्तकाचं नाव, प्रकाशन वर्ष, दाखल क्रमांक, सभासदाचं नाव, सभासदाचा फोन, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. आता वाक्य पूर्ण करून पाहा. एक रो म्हणजे एक… पुस्तक? एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर? मग प्रत? पण तीच प्रत दोनदा नेली की दोन रो होतात. म्हणजे इथे एक रो ही खरं तर एक देवघेव आहे, आणि पुस्तक, प्रत, सभासद हे तिघं तिच्या पाठीवर बसून आले आहेत.

याचा त्रास तीन ठिकाणी होतो. सभासदाने फोन बदलला आणि त्याने आजवर चौदा पुस्तकं नेली असतील, तर चौदा रो बदलाव्या लागतात. तेरा बदलल्या आणि एक राहिली, तर खरा नंबर कुठला हे टेबल सांगू शकत नाही. नवा सभासद आला पण त्याने अजून काही नेलं नाही, तर त्याला लिहायला जागाच नाही. आणि एखाद्या पुस्तकाची एकुलती एक देवघेव काढून टाकली, की ते पुस्तक ग्रंथालयात होतं ही माहितीही तिच्याबरोबर जाते.

तोडायचं कसं? प्रत्येक कॉलमला विचारा: ‘ही माहिती कोणाची?’ फोन सभासदाचा, प्रकाशन वर्ष पुस्तकाचं, दाखल क्रमांक प्रतीचा, नेल्याची तारीख देवघेवीची. ज्याची माहिती, त्याच्या टेबलात. चार टेबलं झाली: पुस्तक, प्रत, सभासद, देवघेव. पुस्तक आणि प्रत वेगळी करायला नवशिके कां-कूं करतात, ‘एवढ्याशा गोष्टीला दोन टेबलं कशाला’ म्हणून. पण वाचक शोधतो ते पुस्तक, आणि पिशवीत घालून नेतो ती प्रत. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पाठ्यपुस्तकं याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि पहिला, दुसरा, तिसरा नॉर्मल फॉर्म अशा पायऱ्या सांगतात. त्या व्याख्या सवडीने वाचा. ‘ही माहिती कोणाची’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारलात तर बहुतेक वेळा तिसऱ्या फॉर्मपर्यंत आपोआप पोचता.

एक सापळा मात्र उलट दिशेचा आहे. समजा उशिराबद्दल रोजचा दंड आकारला जातो आणि तो दर अधूनमधून बदलतो. दर एकाच ठिकाणी ठेवला आणि तो बदलला, तर मागच्या सगळ्या देवघेवींचा हिशेब मागाहून बदलेल. म्हणून पुस्तक नेलं त्या दिवशी लागू असलेला दर देवघेवीच्या रोमध्येच नोंदवायचा. वरवर ही पुनरुक्ती वाटते, पण तो दर त्या व्यवहाराचाच भाग असतो.

पायरी २: एका चौकटीत एकच गोष्ट

पुस्तकाला दोन लेखक असले तर काय? लेखक१, लेखक२ असे कॉलम केले की तिसऱ्या लेखकाला टेबलच बदलावं लागतं. दुसरा मोह म्हणजे लेखकांचे आयडी (ओळख क्रमांक) स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत लिहायचे: ‘१२,४५’. मग आयडी १२ चा लेखक शोधायला लाइक (मजकुराचा तुकडा शोधणारी अट) वापरून ‘१२’ हा मजकूर शोधला, की ११२ आणि १२५ हेही हाती लागतात. शोध मंदही होतो, कारण मजकुराच्या पोटात शोधताना साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कामाला येत नाही.

एका पुस्तकाला अनेक लेखक आणि एका लेखकाची अनेक पुस्तकं असं दुहेरी नातं असलं, की मध्ये तिसरं टेबल घालायचं: पुस्तक_लेखक. कॉलम दोनच, पुस्तक_आयडी आणि लेखक_आयडी, आणि दोन्ही मिळून प्रायमरी की, म्हणजे रो ओळखण्याची खूण. वाक्य तपासा: एक रो म्हणजे एका पुस्तकाचं एका लेखकाशी असलेलं एक नातं. तीन लेखक असतील तर तीन रो.

पायरी ३: डेटा टाइप

पूर्णांकासाठी इंटिजर. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये तो चार बाइटचा असतो आणि २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. दहा आकडी फोन नंबर यात बसेलच असं नाही, पण त्यासाठी बिगइंट (आणखी मोठा पूर्णांक) घेऊ नका. फोन हा आकडा नाहीच. साधी कसोटी: या दोन किमतींची (चौकटीतल्या व्हॅल्यूंची) बेरीज करण्यात काही अर्थ आहे का? नसेल तर तो मजकूर. आकडा म्हणून साठवला तर सुरुवातीचं शून्य गळून पडतं आणि ‘+’ चिन्हाला जागा राहत नाही. आयएसबीएन या पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचंही तेच. जुन्या दहा अंकी आयएसबीएनचं शेवटचं चिन्ह ‘एक्स’ असू शकतं, आणि २००७ पासून तो तेरा अंकी झाला.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये पैशासाठी डेसिमल किंवा न्यूमेरिक, फ्लोट कधीच नाही. फ्लोट दशांश अपूर्णांक द्विमान (बायनरी) पद्धतीत अंदाजाने साठवतो, ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. एका ओळीत हा फरक कळत नाही, हजार ओळींच्या बेरजेत ताळा चुकतो. डेसिमल(७,२) लिहिलं तर एकूण अंक सात, त्यातले दोन दशांशचिन्हानंतर. म्हणजे सर्वात मोठी रक्कम ९९,९९९.९९. दशांशचिन्हाआधी सात अंक मिळतील असं समजणं ही इथली नेहमीची चूक.

तारखेला डेट, वेळेसकट हवी तर टाइमस्टँप. मजकूर म्हणून ‘०५/०३/२०२४’ असं लिहून ठेवलंत तर ती पाच मार्च की तीन मे हे पुढच्या माणसाला कळणार नाही, आणि क्रम लावताना सगळ्या वर्षांच्या एक तारखा आधी एकत्र येतील. तारीख देताना वर्ष-महिना-दिवस अशी द्या: २०२४-०३-०५. मायएसक्यूएलचा टाइमस्टँप जानेवारी २०३८ मध्ये संपतो, त्यामुळे पुढच्या काळातल्या तारखांना तिथे डेटटाइम घ्या.

मजकुराला व्हारचार किंवा टेक्स्ट. मराठी साठवणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. ‘ग्रंथालय’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणकाला तो आठ चिन्हांचा: ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे चोवीस बाइट. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल व्हारचार(२०) मधले वीस चिन्हांत मोजतात, त्यामुळे शब्द सहज बसतो. ओरॅकल हा डेटाबेस मात्र मुद्दाम सांगितलं नाही तर बाइट मोजतो, आणि हाच शब्द वीसच्या कॉलममध्ये मावत नाही. नावांसाठी लांबी हात सैल सोडून ठेवा. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये मराठीसाठी एनव्हारचार घ्या आणि मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी मोठा ‘एन’ लावा. तो विसरला की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठवली जाते, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही. मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट (अक्षरांचा संच) यूटीएफ८एमबी४ ठेवा. तिथल्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये देवनागरी चालते, इमोजी चालत नाहीत.

एसक्यूलाइट या बाबतीत फारच भिडस्त आहे. इंटिजर कॉलममध्ये ‘माहीत नाही’ असा मजकूर घातला तरी तो मुकाट्याने ठेवून घेतो. आवृत्ती ३.३७ पासून टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट लिहिता येतं. ते लिहा, पण तशा टेबलात डेट, डेसिमल, व्हारचार ही टाइपची नावं चालत नाहीत, इंटिजर, टेक्स्ट अशी मोजकीच चालतात.

पायरी ४: नल

नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा मजकूरही नव्हे. ‘इथे किंमत नाही’ अशी ती खूण आहे. (ओरॅकल रिकाम्या मजकुरालाही नलच मानतो. तो त्याचा स्वभाव.) आपल्या देवघेव टेबलात परत_तारीख नल असणं म्हणजे प्रत अजून बाहेर आहे. हा नलचा चांगला वापर.

आता बाहेर असलेल्या प्रती शोधायच्या. व्हेअर म्हणजे कुठल्या रो हव्यात याची अट. ‘व्हेअर परत_तारीख = नल’ असं लिहिलं तर एकही रो येत नाही, आणि एररही येत नाही. नलशी केलेल्या कुठल्याही तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं नसतं, ‘अज्ञात’ असतं. आणि व्हेअर फक्त खरं ठरलेल्या रो पुढे सोडतो. नल = नल हेसुद्धा अज्ञातच. लिहायचं ते ‘परत_तारीख इज नल’.

मोजणीतही हा प्रकार चालतो. पाच देवघेवींपैकी तीन परत आल्या असतील तर काउंट(*) पाच देतो आणि काउंट(परत_तारीख) तीन. सरासरी नलला वगळून निघते: ४, ६ आणि नल यांची सरासरी ५.

सगळ्यात फसवी जागा नॉट इन, म्हणजे ‘या यादीत नसलेले’ ही अट. ‘कधीच बाहेर न गेलेल्या प्रती’ शोधायला आतल्या क्वेरीने देवघेवीतले प्रत_आयडी आणले आणि त्यात चुकून एक नल आला, तर पूर्ण उत्तर रिकामं येतं. डेटाबेस म्हणतो, तो अज्ञात आयडी याच प्रतीचा नसेल कशावरून? तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरा.

सवय अशी लावा: प्रत्येक कॉलम आधी नॉट नल (नल न चालणारा) धरायचा, आणि नल कधी येईल हे एका वाक्यात सांगता आलं तरच सूट द्यायची.

पायरी ५: प्रायमरी की आणि फॉरेन की

प्रायमरी की म्हणजे रो ओळखण्याची खूण: दोन रोंत सारखी नाही, नल नाही, टेबलाला एकच. सभासदाचं नाव चालत नाही, सारख्या नावाची माणसं असतात. फोन चालत नाही, तो बदलतो. आयएसबीएन चालत नाही, जुन्या पुस्तकांना तो नसतो. म्हणून अर्थ नसलेला आपोआप वाढणारा आयडी घ्या: पोस्टग्रेसमध्ये आयडेंटिटी, मायएसक्यूएलमध्ये ऑटो_इन्क्रिमेंट, एसक्यूलाइटमध्ये नुसतं इंटिजर प्रायमरी की. दाखल क्रमांकासारखी खरी ओळख असेल तर त्या कॉलमला वेगळं युनिक बंधन (तीच किंमत दोनदा येऊ न देणारं) घाला. आयडी दिला आणि युनिक विसरलं, की एकाच दाखल क्रमांकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या आयडीने आनंदाने नांदतात.

आयडीत मध्ये आकडे गळाले तर घाबरू नका. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनने (एकत्र चालणाऱ्या आज्ञांच्या गटाने) घेतलेला आकडा परत मिळत नाही. ते ओळखीचे नंबर आहेत, त्यांवरून रोंची मोजणी करायची नसते. सलग करायच्या नादाला तर लागूच नका.

फॉरेन की म्हणजे ‘या कॉलममधली किंमत त्या टेबलात असलीच पाहिजे’ असं बंधन. प्रत टेबलातला पुस्तक_आयडी पुस्तक टेबलाकडे बोट दाखवतो. दोन्ही बाजूंचा टाइप अगदी सारखा ठेवा; मायएसक्यूएल इंटिजर आणि बिगइंट यांची जोडणी करूच देत नाही. पुस्तक डिलीट केलं तर त्याच्या प्रतींचं काय, हे ऑन डिलीटने ठरतं. रिस्ट्रिक्ट अडवतो, कॅस्केड प्रतीही पुसतो, सेट नल नुसतं बोट काढून घेतो. नवशिक्याने रिस्ट्रिक्ट ठेवावं. कॅस्केड सोयीचं वाटतं, पण एका डिलीटने पुस्तक, त्याच्या प्रती आणि त्यांची सगळी देवघेव जाते, आणि पडद्यावर ‘एक रो डिलीट’ एवढंच दिसू शकतं.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की लिहिली तरी सहसा तिची तपासणी बंद असते. प्रत्येक नव्या कनेक्शनवर प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन द्यावं लागतं. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स बनवत नाही, तो तुम्ही बनवा. मायएसक्यूएलचं इनोडीबी (डेटा साठवणारा त्याचा भाग) स्वतः बनवतं.

एकच प्रत एकाच वेळी दोघांकडे असू नये, हेही डेटाबेसला सांगता येतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये देवघेवीच्या प्रत_आयडीवर युनिक इंडेक्स बनवा आणि त्याला ‘व्हेअर परत_तारीख इज नल’ ही अट जोडा. जुन्या नोंदी कितीही असोत, उघडी नोंद एकच राहते. प्रोग्रॅममध्ये आधी तपासून मग नोंद घालण्यावर भिस्त ठेवली, तर दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी आलेल्या नोंदी दोन्ही आत जाऊ शकतात.

पायरी ६: बनवा आणि भरा

नावं लहान रोमन अक्षरांत, अंडरस्कोरने जोडलेली ठेवा. ऑर्डर, यूझर, ग्रुप ही नावं टाळा. ते राखीव शब्द आहेत आणि काही डेटाबेसांत दर वेळी अवतरणचिन्हं मागतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये कॉलमला देवनागरी नावही देता येतं, पण दर शब्दाला कीबोर्ड बदलून बोटं थकतात.

क्रम महत्त्वाचा. ज्याच्याकडे बोट दाखवायचं ते टेबल आधी: पुस्तक आणि सभासद, मग प्रत, शेवटी देवघेव. डेटाही याच क्रमाने भरायचा आणि पुसताना उलट क्रमाने. इन्सर्ट करताना कॉलमची नावं लिहा. नुसत्या किमती दिल्या आणि उद्या टेबलात एक कॉलम वाढला, तर ती आज्ञा मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये मोडते.

एरर आला की आकडा वाचा. पोस्टग्रेसचा २३५०५ आणि मायएसक्यूएलचा १०६२ म्हणजे युनिक किंमत दुसऱ्यांदा आली. २३५०२ किंवा १०४८: नॉट नल कॉलम रिकामा. पोस्टग्रेसचा २३५०३ म्हणजे फॉरेन की मोडली. मायएसक्यूएल त्यात फरक करतो, १४५२ म्हणजे बोट दाखवलेली रो अस्तित्वात नाही, १४५१ म्हणजे कोणीतरी बोट दाखवत असलेली रो तुम्ही पुसताय. हे एरर आले तर बंधन काढून टाकायचा मोह होतो. बंधन त्याचं काम करतंय. चूक डेटात शोधा.

अपडेट किंवा डिलीट करण्याआधी तीच व्हेअर अट घालून सिलेक्ट चालवा आणि किती रो येतात ते पाहा. मग बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), अपडेट, बदललेल्या रोंची संख्या जुळली तर कमिट (बदल कायम), नाही तर रोलबॅक (बदल मागे). व्हेअर विसरलेलं डिलीट टेबलातली प्रत्येक रो पुसतं, विचारत नाही. मायएसक्यूएलमध्ये बिगिननंतर मध्येच ऑल्टर टेबल किंवा ड्रॉप टेबल दिलं तर तोवरचं सगळं आपोआप कमिट होतं, रोलबॅकला काही उरत नाही. पोस्टग्रेस ते परत घेऊ देतो.

भरलेल्या टेबलात नंतर नॉट नल कॉलम घालायची वेळ येतेच. सभासदाला सभासदत्वाची तारीख जोडायची आहे आणि आत आधीच पाचशे रो आहेत. थेट नॉट नल कॉलम दिला तर पोस्टग्रेस नकार देतो, कारण त्या पाचशे रोंमध्ये काय घालायचं हे तुम्ही सांगितलेलं नसतं. तीन टप्प्यांत करा: आधी नल चालणारा कॉलम घाला, मग अपडेटने जुन्या रो भरा, ‘इज नल’ची मोजणी शून्यावर आली की नॉट नल लावा. ज्यांची तारीख कुठेच सापडत नाही त्यांना १९००-०१-०१ अशी खोटी तारीख देऊन सुटका करून घेऊ नका. त्या रोंसाठी नल हेच खरं उत्तर आहे, आणि मग त्या कॉलमला नॉट नल लावायचं नाही.